टिकली लावलेलं बटण

वडिलांच्या किराणा दुकानातल्या काउंटरवरून तराजू उचलून मी तिथं लॅपटॉप ठेवला, तेव्हा आई मधल्या दारात उभी राहून म्हणाली, "आता हितं काय इकणार गं?"

"बोलणं," मी म्हणाले.

"मग बरंय. वजन करायची कटकट न्हाई."

वडील त्याच्या आदल्या वर्षी गेले होते आणि मुखेडमधलं आमचं दुकान तेव्हापासून बंद होतं. पुढं दुकान, मागं घर, मधे एक दार, अशी ती जागा. पुण्याच्या कंपनीनं सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं, तेव्हा मी एक बॅग घेऊन गावी आले. पंधरा दिवसांत परत जाऊ असं वाटलं होतं. त्या पंधरा दिवसांची काही वर्षं झाली. नेटवर्क फक्त दुकानातच नीट मिळायचं, म्हणून काउंटर माझ्या वाट्याला आला.

शटर पूर्ण खाली ओढलं तर आत अंधार आणि उकाडा. अर्धं वर ठेवलं तर उजेड यायचा, पण अर्धं वर असलेलं शटर म्हणजे दुकान चालू, हे गावाला पक्कं माहीत. मी हैदराबादच्या माणसाला काम का अडलंय ते विचारत असायची आणि शटरखालून कुणाचं तरी डोकं आत यायचं, "खायचा सोडा हाय का ओ?" एकदा मी भर मीटिंगमध्ये "न्हाई, दुकान बंद हाय!" असं खेकसले. पलीकडं सगळी टीम चिडीचूप. हैदराबादच्या त्या बिचाऱ्याला वाटलं मी त्यालाच बोलले. तो दिवसभर माझ्याशी फार अदबीनं वागला.

मग आईनं गिऱ्हाईक आपल्याकडं घेतलं. शटरबाहेरच्या पायरीवर स्टूल टाकून ती बसू लागली. कुणी आलं की दबक्या आवाजात सांगायची, "आत मिटिंग चालू हाय माय, हळू बोल." आलेली बाईसुद्धा आवाज खाली घ्यायची. सोडा नाही म्हटल्यावर तिनं जायला हवं, पण ती जायची नाही. पायरीवर टेकायची. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाची म्हैस आटलीय, सोमवारच्या बाजारात काय स्वस्त झालं, हे सगळं त्या पायरीवर कुजबुजत चालायचं. वडील गेल्यानंतर घरात कोपरा धरून बसलेली माझी आई तिथं पुन्हा माणसांत आली. दुकानात विकायला काडीचा माल नव्हता, आणि तरी गिऱ्हाईक तुटलं नाही, याचं मला हसू यायचं.

मीटिंगच्या बाबतीत मी खडूस आहे, हे माझी टीम सांगेल. जे दोन ओळींच्या निरोपात भागतं त्यासाठी मी माणसं गोळा करत नाही. वेळेवर सुरू करते, वेळेआधी संपवते. जो गप्प बसतो त्याला नाव घेऊन विचारते, कारण गप्प बसलेला माणूस हो म्हणतोय असं धरून चालणारे साहेब मी बरेच पाहिलेत. आणि एकानं दुसऱ्याच्या वतीनं बोलायचं नाही. आमच्यात इंदूरची एक मुलगी होती, बारीक आवाजाची. तिचं काम विचारलं की तिचा वरिष्ठच उत्तर द्यायचा, तिची काही अडचण नाही म्हणून. एक दिवस मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, तिला बोलू द्या. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज आला. मग ती बोलली, आणि अडचणींची रांगच लागली. त्यानंतर हा नियम मी कधी मोडू दिला नाही. आईला आमची भाषा कळायची नाही, पण आवाज ओळखायची. जेवताना विचारायची, "ती बारीक पोरगी आज बोलली का?"

आमच्या घरातले आवाज मात्र माझ्या नियमांना जुमानत नव्हते. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, भंगारवाल्याचा भोंगा, आणि समोरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा. मी बोलण्याच्या भरात माईक बंद करायला विसरायची. म्हणून आईला ते बटण दाखवून ठेवलं. हे दाबलं की आपला आवाज तिकडं जात नाही, बारका लाल दिवा लागतो. पुन्हा दाबलं की जातो. तिनं दोनतीनदा दाबून बघितलं. मग आत गेली आणि दुकानातल्या उरलेल्या मालातलं एक टिकल्यांचं पाकीट घेऊन आली. त्यातली एक लाल टिकली तिनं त्या बटणावर चिकटवली.

"म्हंजी चुकनार न्हाई," ती म्हणाली. "मला आता कुठं लावायच्यात? पडून राहिल्यात नुसत्या."

मी ते पाकीट काउंटरच्या खणात ठेवून दिलं.

पुढं कुकरची शिट्टी व्हायच्या आधी तिला चाहूल लागायची. ती मधल्या दारातून यायची, कॅमेऱ्यात येणार नाही अशी भिंतीला धरून, आणि बाजूनं हात पुढं करून टिकली दाबायची. शिट्टी झाली की पुन्हा दाबायची. माझ्या टीमनं तिचा चेहरा कधीच पाहिला नाही. त्यांनी पाहिला तो फक्त हात, बांगडी नसलेला, बोटांना पीठ लागलेला. त्यांनी त्याला नाव दिलं होतं, आईचा हात. हात दिसला की कुणीतरी नमस्ते करायचं.

आता थोरल्या काकांबद्दल सांगायला हवं. थोरले काका म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, लातूरला असतात, शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाले. माझा भाऊही लातूरलाच, त्यांच्या गल्लीच्या पलीकडं फ्लॅट घेऊन राहतो. काका सरळ माणूस. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात नांदेडच्या दवाखान्यात ते बाकावर झोपले, एकदाही घरी गेले नाहीत. पण आई त्यांच्यापुढं कधी बोललेली नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून थोरल्या दिरापुढं डोक्यावर पदर, खाटेवर बसायचं नाही, समोरासमोर बोलायचं नाही. ते घरी आले की ती मला मधे घालायची. "विचार त्यांना, चहात साखर चालती का," असं ती मला म्हणायची, काका दोन हातांवर बसलेले असायचे, आणि ते मला सांगायचे, "सांग तिला, चालती." लहानपणी मला वाटायचं मोठ्या माणसांना एकमेकांचं ऐकूच येत नाही.

एका दिवाळीत आम्ही पहिल्यांदा लातूरच्या सगळ्यांना व्हिडिओवर बोलावलं. आई खुर्चीत ऐटीत बसली होती. स्क्रीनवर काकांचा चेहरा आला आणि ती चटकन उठली, पदर डोक्यावर ओढून भिंतीआड गेली. आम्ही सगळे हसलो. काकाही हसले.

"अगं, ते लातूरला आहेत," मी म्हणाले.

"म्हनून काय झालं? त्यांना दिसून राहिलंय की."

मग एक दिवस कंपनीचा निरोप आला. आठवड्यातले काही दिवस तरी ऑफिसात हजर राहायचं, सगळ्यांनी, पुढच्या महिन्यापासून. मी साहेबांशी वेळ ठरवून बोलले. घरची परिस्थिती सांगितली. त्यांनी मधे न तोडता सगळं ऐकून घेतलं, मी काय म्हणाले ते पुन्हा आपल्या शब्दांत सांगून बरोबर समजलं का ते विचारलं, आणि नाही म्हणाले. मीटिंग म्हणून तिला नाव ठेवायला जागा नव्हती. दुसरीकडं घरून करायचं काम मिळतं का तेही पाहिलं. जे होतं ते सगळं पुण्या-मुंबईत हजर राहण्याचं होतं.

आई म्हणाली, "तू जा. मी राहते की हितं."

ती तूर निवडत होती, मान वर न करता बोलली. तिचे गुडघे गेलेले, शुगर वर-खाली व्हायची. त्या उन्हाळ्यात न्हाणीघरात चक्कर येऊन ती पडलीही होती. समोरच्या गिरणीवालीनं शटर वाजवून मला बोलावलं होतं, कारण मी मीटिंगमध्ये होते आणि आईची हाक गिरणीवालीला आधी ऐकू गेली. मला तो प्रसंग आठवून धडकी भरायची. आई त्याचा अर्थ उलटा लावायची. "बघ, हाक मारली की लोक येतेत हितं," म्हणायची.

भावाला हे पटणं शक्य नव्हतं, आणि त्याचंही चूक नव्हतं. आईनं लातूरला त्याच्याकडं यावं, घर-दुकान भाड्यानं द्यावं, असं तो म्हणू लागला. पुण्याला माझ्याकडं तिला न्यावं, तर माझी तिथली खोली दुसऱ्या एकीबरोबर वाटून घेतलेली, आणि मुलगा असताना आई लेकीकडं का, हा प्रश्न काकांनी विचारलाच असता. भाऊ मला फोन करायचा, काका भावाला, वहिनी मला. प्रत्येकाचं वेगळं ऐकून माझं डोकं उठलं. मीच म्हणाले, हे फोनवर फोन बंद करा. रविवारी सकाळी सगळे एकदाच व्हिडिओवर बसू, आणि मी चालवते.

आणि मी चालवली, ऑफिसात चालवते तशी. विषय एकच, आईनं कुठं राहायचं. प्रत्येकानं आपलंच सांगायचं, दुसऱ्याच्या वतीनं नाही. कुणी कुणाला तोडायचं नाही. भाऊ हसून म्हणाला, "हाव, मॅडम." स्क्रीनवर एका चौकटीत भाऊ आणि वहिनी, दुसरीत काका, तिसरीत मी. आईला मी माझ्या शेजारी खुर्चीत बसवलं होतं, पण काका दिसताच ती खाली साखरेच्या रिकाम्या पोत्यावर जाऊन बसली. तिसऱ्या चौकटीत तिच्या पदराचा काठ तेवढा दिसत होता.

आदल्या दुपारी तिनं मला स्वच्छ सांगितलं होतं, "मला हितनं हलवू नका." म्हणून मला काळजी नव्हती. तिनं हे एक वाक्य बोललं की काम झालं, असा माझा हिशोब. ती ते कुणापुढं बोलणार आहे, हे मी हिशोबात धरलंच नाही.

भावानं आपलं म्हणणं मांडलं. न्हाणीघरात पडल्याचं सांगताना त्याचा आवाज फाटला. वहिनी म्हणाली, खोली तयार आहे, आईंना काही करावं लागणार नाही. काका म्हणाले, "माझा भाऊ गेला. त्याच्या माघारी त्याची बायको एकटी अंधारात पडून राहिली तर मी त्याला वर काय सांगू?" मग मी म्हणाले की आईला इथंच राहायचं आहे, तिनं मला तसं सांगितलंय.

काकांनी चष्मा काढला. "लेकरा, तूच म्हणालीस ना, दुसऱ्याच्या वतीनं बोलायचं न्हाई? मग तिला बोलू दे. ती तिच्या तोंडानं न्हाई म्हणाली तर न्हाई. मी पुन्हा विषय काढनार न्हाई."

याहून सरळ माणूस काय बोलणार? मी खाली वाकून म्हणाले, "आई, तुझं काय म्हणणं आहे? सांग."

ती हलली नाही. मग बाजूनं तिचा हात वर आला, नेहमीसारखा, आणि तिनं टिकली दाबली. लाल दिवा लागला. मला वाटलं कुकर लावलाय.

ती काउंटरला धरून उठली. गुडघ्यामुळं तिला उठायला वेळ लागला. उठताना डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, तो तिनं सावरला नाही. ती लॅपटॉपसमोर उभी राहिली आणि काकांच्या चौकटीकडं थेट बघून बोलू लागली.

"भावजी, तुमच्याम्होरं म्या कदी त्वांड उघडलं न्हाई. आज बोलते. दुकान तुमच्या भावानं मांडलं, पर दुपारी ते झोपायचे तवा शटर म्या उघडलं. ह्या पायरीवर म्या चार मानसं जोडली. तुमी माज्यासाठी चांगलंच बोलून राहिलात, मला कळतं. पर लातूरला वरच्या मजल्यावर मला कोन वळखतं? दार लावलं की दार लावलंच. हितं शटर वाजवलं की मी जित्ती हाय का न्हाई ते गल्लीला कळतं. मला नका नेऊ, भावजी. पाया पडते. मला नका नेऊ हितनं."

स्क्रीनवर तिचा चेहरा पूर्ण दिसत होता, ओठ हलत होते. भाऊ ओरडत होता, "आवाज येऊन नाही राहिला! बटण बघ, बटण!" आणि काकांनी, भावजयीच्या डोक्यावर पदर नाही हे दिसताच, रिवाजाप्रमाणं मान खाली घातली होती. ती बोलत होती तोवर ते आपल्या मांडीकडं बघत होते.

मी बटणाकडं हात नेला. तिनं माझं मनगट धरलं. पीठ मळणाऱ्या बाईची पकड होती ती. बोलून झाल्यावर तिनं पदर डोक्यावर घेतला, पुन्हा खाली पोत्यावर बसली, आणि मगच टिकली दाबली. लाल दिवा गेला.

"थोरले म्हनतील तसं," ती म्हणाली.

"नाही, ती आत्ता म्हणाली—" मी सुरू केलं.

"म्या काय बी म्हनले न्हाई," खालून आवाज आला. "कुकर बंद कर म्हनले तिला."

काकांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी चष्मा लावून लपवलं. "मग ठरलं," ते म्हणाले. "तुझ्या आईनं मान राखला." भावानं सुटकेचा श्वास सोडला. सगळ्यांनी हात हलवले आणि चौकटी एक एक करून गेल्या.

मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात इतकी कधी ओरडले नव्हते. कामून असं केलंस, ते स्वतः म्हणाले होते ना, न्हाई म्हण म्हणून?

"त्यांच्या तोंडावर न्हाई म्हनू?" ती म्हणाली. "तुझ्या बापासाठी बाकावर झोपले ते." थोडा वेळ तिनं पोत्याची शिवण चाचपली. "आन् मी बोलले की. समदं बोलले. मनात ठिवलं न्हाई काई."

कुकर लावलेलाच नव्हता. मी आत जाऊन पाहिलं.

पंधरवड्यात भाऊ गाडी घेऊन आला. निघायच्या दिवशी पायरीवर बायका जमल्या, कुणी धपाटे बांधून आणले, कुणी शेंगा. आई सगळ्यांना सांगत होती, सून चांगली हाय, लई जीव लावती. ते खरंच होतं. गाडीत बसताना तिनं शटरकडं पाहिलं नाही. मी शटर ओढून कुलूप लावलं आणि किल्ली भावाला दिली. दुकानात आता मोबाईल दुरुस्तीवाला आहे, मागच्या घरात त्याचं कुटुंब राहतं.

मी पुण्याला ऑफिसात जाते. तिथं काचेच्या खोलीत मीटिंगा होतात. कुकर नाही, भोंगा नाही, त्यामुळं ते बटण सहसा दाबावं लागत नाही. इंदूरची मुलगी आता स्वतःची टीम चालवते. तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "आईचा हात कुठं आहे?" मी म्हणाले लातूरला, आणि पुढचा विषय घेतला. टिकली बटणावर अजून आहे. कडा उचललीय, पण निघालेली नाही.

दर रविवारी मी लातूरला व्हिडिओ लावते. वहिनी फोन आईच्या हातात देते आणि आत स्वयंपाकघरात कामाला जाते. आई सांगते, बरी हाय, गोळ्या घेते, काल थोरले येऊन गेले. ती वाळलीय. ऊन न लागता फ्लॅटमध्ये बसून तिचा रंग उजळलाय, आणि तो मला बघवत नाही. मग थोडा वेळ गेला की तिचं बोट फोनकडं येतं. माईकवर काट मारलेलं ते चित्र तिला बरोबर सापडतं. ती ते दाबते आणि बोलू लागते.

पहिल्यांदा मी वेड्यासारखी ओरडले होते, "आई, आवाज बंद झालाय!" तिनं लक्षच दिलं नाही. आता मी ओरडत नाही. तिचे ओठ बघत बसते. बरंचसं कळत नाही. गिरणीवालीचं नाव कधी कधी कळतं.

गेल्या रविवारी ती बराच वेळ बोलली. शेवटचं वाक्य मात्र कळलं, कारण ते ती दर वेळी विचारते. कदी येतीस मला न्यायला? मी माझ्या बाजूचा आवाज बंद केला आणि तिला सांगितलं, आई, घरात आता दुसरी माणसं राहतात गं, तुला कुठं नेऊ. तिनं माझ्याकडं बघत मान हलवली, समजल्यासारखी.

मग तिनं डोळे पुसले, बोट पुढं केलं, आवाज सुरू केला आणि म्हणाली, "जेवलीस का?"

मीही माझा सुरू केला. "जेवले," म्हणाले.